आठशे चाळीसचा चहा

माझी फजिती ऐकायचीच असेल तर चहा होईपर्यंत सांगतो. पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या कानावर घालू नका, त्यांना आयतंच सापडायचं.

इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. "एकक नाही, तर उत्तर नाही" हा माझा बाणा. उत्तर बरोबर असलं तरी पुढं ग्रॅम, मीटर लिहिलं नाही की अर्धा गुण कापलाच. पोरं माघारी मला 'एकक सर' म्हणायची. खरं सांगू? मला ते आवडायचं.

निवृत्तीनंतर लेकानं पाण्यातले क्षार मोजायचा, पेनासारखा ईसी मीटर आणून दिला. टोक पाण्यात बुडवायचं, आकडा वाचायचा. परवा माझी जुनी विद्यार्थिनी संगीता, हल्ली लासुर्ण्याला असते, तिचा फोन आला.

"सर, नवं बोअर घेतलंय. डाळिंबाची रोपं उद्या येणार. पाणी बागंला चालंल का, तेवढं बघा की."

मी नवरदेवाच्या थाटात गेलो. बादलीभर पाणी समोर आलं. शेजारी तिचे सासरे, आबा. मी आधी तास घेतला. "शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. क्षार विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. क्षार जास्त, तेवढी वाहकता जास्त. मीटर मोजतो ती हीच."

"म्हंजी पाण्यात करंट हाय?" आबांनी पाय मागं घेतला.

"मीटरचा, आबा. नखभर."

टोक बुडवलं. आकडा आला ८४०. खिशातलं माहितीपत्रक उघडलं. ईसी, म्हणजे वाहकता, तीनच्या वर असेल तर पाणी बागेला देऊ नये. तीन! आणि इथं आठशे चाळीस!

"संगीता, रोपं रद्द कर. हे पाणी नाही, समुद्र आहे."

तिचा चेहरा पडला. दोन वर्षं ती या बागेसाठी घरच्यांच्या मागं लागली होती. मला फार वाईट वाटलं, पण आकड्यापुढं काय बोलणार? तेवढ्यात चहा आला. त्याच बोअरच्या पाण्याचा. मी कप दूर सारला.

"आबा, तुम्ही हे पाणी पिता?"

"महिना झाला."

"काही त्रास?"

"तुमी येईस्तवर न्हवता."

खात्रीसाठी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी तपासलं. पाचशे दहा! तरी मला शंका यावी की नाही? नाही आली. अख्ख्या तालुक्याचं पाणी गेलं, असं मी जाहीर केलं.

संगीतानं नर्सरीला फोन लावला. रिंग जात होती. तिनं सहज मीटर उचलला, मग माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि फोन कट केला.

"सर, एकक?"

"काय?"

"आकड्याशेजारी बारीक लिवलंय बघा. मीटर मायक्रोत दावतोय, कागद मिलीत हाय. हजारानं भागा."

भागलं. शून्य पॉइंट चौऱ्याऐंशी. बागेला झकास पाणी. ती बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि तो मी रुबाब जाईल म्हणून घरी ठेवला होता.

"मग येऊ देऊ रोपं?"

"येऊ देत. आणि माझा अर्धा गुण काप."

"कापला," संगीता म्हणाली. "नववीत माझा पैला नंबर ह्याच अर्ध्या गुणानं गेला हुता, सर."

आबांनी गार झालेला कप पुन्हा माझ्याकडं सरकवला. "घ्या सर. आठशे चाळीसचा हाय."

आबांनी एकक सांगितलं नव्हतं. मी गुमान प्यालो.