ज्याचा सदरा, त्यानंच उतरवायचा

आमच्या सिडकोतल्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा एक बाक आहे. तो देणाऱ्या नगरसेवकाचं नाव पाठीवर इतक्या ठसठशीत अक्षरांत कोरलंय की ते बसणाऱ्याच्या शर्टावरही उमटावं, अशीच योजना असावी. एकवीस सालच्या उन्हाळ्यात त्या बाकावर बसणं हा गुन्हा होता. शहराचं नाव तेव्हा जुनं होतं. नळाचं पाणी मात्र आजच्यासारखंच लहर लागेल तेव्हा यायचं.

द्वारकाबाईंना तो रिकामा बाक सोसवेना. बाई वैजापूरकडच्या. निम्मा जन्म बाजरीच्या राखणीत गेला. नवरा वारल्यावर मुलानं इकडं आणलं. इथं राखायला काही नाही हे कळल्यावर त्यांनी गल्ली राखायला घेतली. पायरीवर बसून कुणाचा कुलर गळतो, कुणाचा जावई रिकाम्या हातानं आला, यावर त्यांची नजर असायची. लॉकडाउन लागला आणि नजरेला माणूसच पडेना. तेव्हा त्यांनी एक माणूस केला.

म्हणजे बुजगावणं. मांडवाचे दोन बांबू, डोक्याला गळकं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे आणि काजळाच्या मिशा. कडबा शहरात मिळेना म्हणून पोटात वर्तमानपत्रं कोंबली. रुग्णसंख्येचे रोजचे आकडे त्यांत होते. त्या आकड्यांचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सदऱ्यासाठी त्या दारोदार हिंडल्या, अर्थात मास्क लावून. त्यांच्या दोन अटी होत्या. सदरा बिनधुतला हवा. "घामाचा वास असला तरच पाखराला कळतं, मालक रानात हाय." आणि ज्याचा सदरा असेल, त्यानंच राखण संपल्यावर तो आपल्या हातानं उतरवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्यांच्यात असंच चालत आलेलं होतं.

लोकांनी दारं लावून घेतली. सदरा दिला तो फक्त बद्रीनाथरावांनी. हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, पोट सुटलेले आणि बाकाच्या डाव्या टोकाचे कायमचे मालक. चौकड्यांचा, काखेत उसवलेला सदरा त्यांनी अंगावरून काढूनच दिला. त्याच संध्याकाळी दुसरे बद्रीनाथराव बाकावर बसले. तोंडाला मास्क, शेजारी कुणी नाही. साऱ्या वॉर्डात नियम पाळणारा तेवढा एकच नागरिक होता.

पोलिसांची गाडी आली. भोंग्यावरून तीनदा समज देऊनही माणूस हलेना, म्हणून हवालदारानं उतरून पाठीत एक काठी घातली. बरगडीतून वर्तमानपत्र बाहेर आलं. समोरच्या गॅलरीतून खरे बद्रीनाथराव शांतपणे म्हणाले, "हळू साहेब. बीपी हाय मला."

हवालदार हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं जाता जाता सलाम ठोकला.

मग बद्रीनाथरावांना ताप आला, धाप लागली आणि एका दुपारी अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली. गॅलरीत त्यांची बायको लीलाबाई एकटी उरली. तिला चौदा दिवस घराबाहेर पडायला बंदी. आणि समोर बाकावर नवऱ्याचा सदरा बसलेला.

गल्लीला घाम फुटला. माणूस सापडत नाही तेव्हा पिठाचा, गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं एवढंच. बोलला तो विश्वजीत. गल्लीचा अध्यक्ष. निवडणूक झाल्याचं कुणाला आठवत नाही.

"मावशी, माणूस तिकडं ऑक्सिजनवर आणि हितं त्याचा पुतळा. काढा ते."

"पुतळा झोपवत्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्यो बसलेला हाय."

विश्वजीत मास्क नाकावर ओढून घरी गेला.

पण दुसऱ्या सकाळी गॅलरीतून खुद्द लीलाबाईच म्हणाली, "आक्का, काढा वो ते. मला नाय बघवत."

द्वारकाबाई गॅलरीखाली येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "रडायचं तर रड, लीला. सदऱ्याला मी हात लावणार नाय. मी उतरवला म्हंजी तो येणार नाय, असं मी म्हणल्यासारखं व्हईल. त्यानं यावं अन् उतरवावा."

लीलाबाईनं दार लावून घेतलं. द्वारकाबाई रोज सकाळी मडकं पुसायच्या, मास्क बदलायच्या आणि गॅलरीपर्यंत पोचेल अशा आवाजात चुगल्या करायच्या. "बद्रीभाऊ, मी काल पाठवलेला डबा तुमच्या बायकोनं तसाच ठिवला. सांगा तिला काहीतरी."

तिसऱ्या दिवशी गॅलरीचं दार किलकिलं झालं. "त्यांला म्हणावं, वांग्यात मीठ नव्हतं."

तिथून पुढं त्या गॅलरीतून संसार सुरू झाला. लीलाबाई मडक्याला तिखट खाण्यावरून बोलायची, मागल्या दिवाळीतलं भांडण काढायची. द्वारकाबाई नवऱ्याच्या बाजूनं उत्तरं द्यायच्या आणि मुद्दाम हरायच्या. दवाखान्यातून रोज फोन यायचा. तोवर डबा रिकामा झालेला असायचा.

विश्वजीत फवारणीचा पंप आणि हातमोजे घातलेले दोघे घेऊन आला, तेव्हा द्वारकाबाई काही बोलायच्या आत वरून आवाज आला.

"विश्वजीत, हात लावलास तर मी खाली उतरंल. मी पॉझिटिव्ह हाय का नाय, मलाबी ठावं नाय."

पंपवाले आधी पळाले. अध्यक्ष मागून, पण वेगात.

बद्रीनाथराव आले ते मे महिन्याच्या शेवटी, परगावाहून आलेल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून. गालफडं बसलेली, पॅंट दोरीनं बांधलेली. घरात जायच्या आधी बाकाशी थांबले. बाकावरच्या स्वतःकडे पाहिलं.

"आक्का, पोट एवढं काहून काढलं माझं?"

"गेलात तवा होतं तेवढंच हाय. मी वाढवलं नाय."

त्यांनी बसून, धापा टाकत एकेक बटण काढलं. सदरा उतरवला आणि बनियनवर तिथंच चढवला. आत आणखी एक बद्रीनाथ मावला असता.

"धुवून तरी घाला," वरून लीलाबाई म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं, डोळे पुसून बाहेर आली.

चार दिवसांनी विश्वजीत पुन्हा आला. बाकावर नुसते बांबू, मडकं आणि जुनी वर्तमानपत्रं. शेजारी बद्रीनाथराव.

"मावशी, आता तरी काढा. आला ना माणूस."

"सदरा ज्याचा, त्यानं उतरवायचा," द्वारकाबाई पायरीवरून म्हणाल्या. "आता त्याच्यावर कुणाचाच सदरा नाय. उतरवणार कोण?"

विश्वजीतनं बद्रीनाथरावांकडं पाहिलं. ते मडक्याच्या थोडं आणखी जवळ सरकून बसले.