शेऱ्यांचा रकाना

चैत्रातल्या त्या दुपारी नारायण पेठेतल्या आमच्या आरोग्य कार्यालयात संगणकाचा पंखा एकाएकी घरघरू लागला, पडद्यावरचे आकडे गोठले आणि मग पसरली ती निर्विकार, काळीभोर शांतता. यंत्राची स्मृती अपुरी पडली होती, सकाळपासून तिसऱ्यांदा!

जिल्ह्यातल्या लाखो प्रसूतींच्या नोंदी मी एकदम पुढ्यात घेऊन बसले होते. नवजात बाळे कशाने दगावतात, याचे संख्याशास्त्रीय प्रारूप मांडायचे होते. नव्या रुग्णवाहिका कोणत्या वाड्यावस्त्यांना द्यायच्या, हे त्यावरून ठरणार होते. दहांतली एकच नोंद घ्यावी, असा मोह झाला. पण उरलेल्या नऊ आयांना वगळण्याचा अधिकार मला कुणी दिला?

शेजारच्या टेबलावरच्या फरीदाताई माझ्याहून पुष्कळ ज्येष्ठ. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "अहो, अख्खं हडपसर एका रिक्षात बसवायला निघालात! खेपा करा की."

मग मी नोंदी तुकड्यातुकड्याने वाचू लागले. लागतील त्या बेरजा तेवढ्या ठेवायच्या, तुकडा सोडून द्यायचा. आपणही आयुष्य असेच साठवतो, नाही का? दिवस विरून जातात, सार तेवढे उरते. तरीही यंत्र अडलेच. आई दवाखान्यात कशी पोचली, हे परिचारिकांनी प्रत्येकीपुढे शब्दांत लिहिले होते. त्या शेऱ्यांच्या एका रकान्यानेच निम्मी जागा अडवली होती. प्रारूपाला शब्द काय कामाचे? मी तो पुसायला निघाले.

"पुसा," फरीदाताई म्हणाल्या, "पण वाचून पुसा."

मी वाचू लागले. 'गाडी मिळाली नाही.' 'जीपची वाट पाहिली.' 'वाटेतच बाळंत.' पुन्हा, 'गाडी नाही.' हस्ताक्षरे निराळी असतील, व्यथा एकच! डोळे भरून आले, आणि त्याच ओल्या डोळ्यांपुढे उपायही उमटला. त्या वाक्यांची सारी रूपे तुकड्यातुकड्यांतून शोधली आणि लांबलचक शेऱ्याच्या जागी एकच अंक ठेवला: गाडी मिळाली तर शून्य, नाही तर एक.

प्रारूप सुरळीत पार पडले. आईचे वय, दवाखान्याचे अंतर, बाळ दगावण्यामागे या साऱ्यांहून तो इवलासा अंक भारी ठरला.

अहवाल वरिष्ठांकडे गेला. दूरच्या दोन वाड्यांना रुग्णवाहिका मिळाल्याचे कळले, तेव्हा फरीदाताईंनी माझ्यापुढे चहा सरकवला. जागा नाही म्हणून मी जो रकाना पुसणार होते, त्यात किती जणी गाडीची वाट पाहत उभ्या होत्या!