चौथ्या खेपेचा हिशेब

तीन मुली झाल्या म्हणजे चौथा मुलगाच, हे गणित आमच्या घरात आत्याने मांडलं. त्या गणिताचा मला आजही संताप येतो.

आम्ही तेव्हा खमरियाला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. युद्धाचे दिवस होते. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, बाबांना रोज ओव्हरटाइम. तिघी बहिणींत मी थोरली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि आईला चौथ्यांदा दिवस गेले होते. धाकटीच्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला होता की डॉक्टरीणबाईंनी बाबांना बजावलं होतं, आता पुन्हा नको.

पण आत्या बाबांची थोरली बहीण. ती आली की घरात तिचंच चालायचं.

"तीन पोरी झाल्या न, आता पोराचाच नंबर आहे," ती आईला म्हणाली. "काहून घाबरून राहिली तू?"

मी नुकतीच कॉलेजात संभाव्यता शिकत होते. मी रुपया काढला आणि पलंगावर उडवून दाखवला. म्हटलं, आत्या, लागोपाठ तीनदा छापा पडला तरी चौथ्या वेळी नाण्याला काटा पाडायची सक्ती नसते. दर वेळी हिशेब पहिल्यापासून.

"अच्छा! लेकराची बरोबरी नाण्याशी करून राहिली," आत्या हसली. "चलो, चहा ठेव."

मी चहा ठेवला. मग रक्तस्रावाचं काय, असं स्वयंपाकघरातूनच विचारलं. त्यावर ती म्हणाली, "मागच्या खेपेला निभावलंच न? याही खेपेला निभावेल."

म्हणजे पाहा! तीनदा मुलगी झाली, म्हणून आता होणार नाही. आणि आई तीनदा वाचली, म्हणून आताही वाचणारच. जिथे मागच्याचा पुढच्याशी काडीचा संबंध नाही तिथे सगळी भिस्त मागच्यावर. जिथे मागचं खरोखर धोक्याची सूचना देत होतं तिथे डोळेझाक. आणि हे सगळं आईसमोर, ती भाजी निवडत बसलेली असताना.

आत्याला एक वेळ सोडून देईन, ती शाळेत गेली नव्हती. पण बाबा? बाबा कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. पेटीतला माल वरवर बघायचा नाही, मधून, तळातून, कुठूनही उचलायचा, हे ते आम्हाला जेवताना कौतुकाने सांगत. मालाच्या ज्या लॉटमध्ये एकदा खोट निघाली तो दुप्पट कडक तपासायचा, हेही त्यांनीच सांगितलेलं. आत्या हे बोलत असताना ते तिथेच पेपर वाचत होते. "ताई म्हणते तर होईल ठीक," एवढंच बोलले.

बाळंतपणाच्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बच्ची ठीक है. माँ को बड़ी मुश्किल से बचाया है."

आई पांढरीफटक पडली होती, रक्ताची बाटली लावलेली. बाबा ड्यूटीवरून तसेच आले होते. खाटेजवळ उभी राहून आत्या म्हणाली, "चार झाल्या. आता पाचवा तर पक्का पोरगाच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांकडे वळले. "बाबा, कारखान्यात असा लॉट तुम्ही पास केला असता का?"

ते माझ्याकडे बघेनात. मग जाऊन त्यांनी मूल न होण्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आत्या फणकाऱ्याने गावी निघून गेली.

नातेवाईक अजून म्हणतात, वेळेवर शहाणपण सुचलं तुझ्या बाबांना. मला ते ऐकवत नाही. त्यांना सगळं आधीपासून कळत होतं, फक्त ते शहाणपण कारखान्याच्या फाटकाच्या आत ठेवून ते घरी येत. आणि ऑपरेशन तरी कुणाचं झालं? बाबांचं होऊ शकलं असतं, ते सोपंही होतं. झालं आईचंच. एवढं रक्त गेल्यावरही पुन्हा तिलाच टेबलावर घेतलं.