ठिणगी पुढं ढकला

आप्पांचा उजवा हात मोडला त्याला आता दोन वर्षं झाली. कसा मोडला ते आमच्या गल्लीत सगळे सांगतात. गाडी चालू करायचं लोखंडी हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. एवढंच खरं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका डॉक्टरांची गाडी चालवायचे. गाडी विलायती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. दर गुरुवारी डॉक्टर तिच्यातून माढ्याला पेशंट बघायला जायचे. त्या वर्षी होळीनंतर गाडीला एक खोड लागली. थांबलेली गाडी निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर गप्प व्हायची, मग हिसका देऊन सुटायची.

"आवंढा गिळती बघ," आप्पा म्हणायचे. "बोलायचं असतंय, पण बोलत न्हाय."

एकदा माढ्याच्या रेल्वे फाटकात ती अशीच अडली आणि मागून ट्रक आला. काही झालं नाही, पण डॉक्टर चिडले. म्हणाले, मेअखेर नीट झाली नाही तर विकून टाकतो, एस.टी.ने जाईन. गाडी गेली तर ड्रायव्हर कशाला लागतोय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. आम्हाला कळायचं ते कळलं.

आप्पांनी हळूहळू एकेक गोष्ट बघायला घेतली. कार्बोरेटर उघडून फुंकर मारून साफ केला आणि पुलापर्यंत एक फेरी मारली. फरक नाही. प्लग पॉलिश पेपरने घासले, परत फेरी. ठिणगीची वीज तोडणाऱ्या पॉइंटमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीने मोजली. तरी तेच. मग ते टायमिंगकडे वळले. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते, ती नेमक्या क्षणी पडावी लागते. डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो, तो सैल करून केसभर फिरवला की हा क्षण अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. आप्पांनी तो कानाने ऐकत फिरवला. गाडीचं अडखळणं कमी झालं, पण पुलाच्या चढावर इंजिन वाजायला लागलं. डब्यात चिंचोके हलवावेत तसा आवाज.

तेव्हा डॉक्टरांनी कपाटातून गाडीचं इंग्रजी पुस्तक काढून दिलं. "तुमची मुलगी सायन्सला आहे ना? तिला वाचायला सांगा."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. कॉलेजात सर इंग्रजीत बोलायला लागले की मी वहीत डोकं घालायचे. पण ते पुस्तक घेऊन आप्पा घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यापुढे मला येत नाही असं म्हणवलं नाही.

पुस्तकात लिहिलं होतं की चढावर असा आवाज आला तर इग्निशन, म्हणजे ठिणगी, किंचित रिटार्ड करा. रिटार्ड शब्द मला माहीत नव्हता. कॉलेजच्या डिक्शनरीत बघितला. विलंब लावणे, लांबणीवर टाकणे. त्याच आठवड्यात आमच्या नोटीस बोर्डावर लागलं होतं, परीक्षा पुढे ढकलली आहे. मला वाटलं, हेच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या अंगणात बॉनेट उघडून आप्पा पाना घेऊन वाकलेले. मी पुस्तक धरून शेजारी.

"काय म्हणतंय?"

"ठिणगी थोडी पुढं ढकला, म्हणतंय."

आप्पा थांबले. "पुढं? अगं, आधीच पुढं हाय की ती."

"पुस्तकात तसंच हाय, आप्पा."

"नीट बघ."

मी बघितलं. रिटार्डवर बोट ठेवलं. "पुढंच."

"मग माझा कानच गेला म्हणायचा," असं म्हणून ते हसले, त्यांनी डबा फिरवला आणि बॉनेट लावलं. बॅटरी जुनी असल्यामुळे सकाळी गाडी हँडलनेच चालू करायची रीत होती. त्यांनी मला आत बसवून किल्ली फिरवायला सांगितली, पुढे गेले, वाकले, हँडल मारलं.

आवाज मोठा नव्हता. वाळलेलं कडब्याचं ताट मोडावं तेवढा. आप्पा ओरडलेसुद्धा नाहीत. काचेतून दिसत होते ते दिसेनासे झाले, इतकंच.

डॉक्टरांनी स्वतः प्लॅस्टर घातलं. दुपारी त्यांनी गॅरेजचे मिस्त्री बोलावले. त्यांनी डबा बघितला आणि कपाळावर हात मारला. "टायमिंग इत्ता आगे कौन लिया? ड्रायव्हरसाब, तुम?"

"मीच की. कान गेलं माझं."

"कान गया तो गया, हाथ कायकू दिये?"

सगळे हसले, आप्पाही. मी हसले नाही, कारण तेव्हाच मला कळलं. आगे. गॅरेजात पुढं म्हणजे आधी. ठिणगी पुढं घेतली म्हणजे लवकर पाडली. परीक्षा पुढं ढकलली म्हणजे उशिरा. लवकर पडलेल्या ठिणगीने इंजिनला आणि त्यात अडकवलेल्या हँडलला उलटा धक्का दिला होता.

आणि मुळात टायमिंग बिघडलेलं नव्हतंच. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे एक बारीक नळी जाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबेल तशी ठिणगी सरकवायला. तिच्या टोकाचं रबर चिरलं होतं. मिस्त्रींनी बोटभर नवी नळी बसवली, टायमिंग मूळ खुणेवर आणलं. गाडी नीट झाली.

डॉक्टरांनी जागा राखून ठेवली. प्लॅस्टर निघाल्यावर एक दिवस आप्पा स्टिअरिंगवर बसले, शेजारी डॉक्टर, मागे मी. गाडी कुठेही अडखळली नाही. स्टेशनजवळच्या वळणावर मात्र जड स्टिअरिंग आप्पांच्या उजव्या हातातून निसटलं आणि गाडी रसवंतीच्या बाकाला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. आप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "साहेब, दुसरा माणूस बघा."

आता ते एका चादरीच्या कारखान्याच्या फाटकावर बसतात. मला अजून इंग्रजी वाचताना भीती वाटते. परीक्षेत एकेका शब्दाशी अडते, माहीत असलेलासुद्धा पुन्हा डिक्शनरीत बघते. वर्गात कुणी खडू मोडला की मान आपोआप वर होते, समोर काचेपलीकडे कुणी उभं आहे का बघायला.

परवा त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा आतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी एकदाची बोलले. "आप्पा, त्या दिवशी मी सांगितलं ते उलटं होतं."

"ठाऊक हाय. मिस्त्री बोलला तवाच कळलं."

"मग तुमी बोलला का न्हाय?"

"डॉक्टर उभं होतं की तितं. त्यास्नी वाटतंय, तुला इंग्रजी येतंय."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी कडक झाली होती, ती त्यांच्याने मोडेना. मी ती घेतली, तुकडे केले आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले.