अँटेना आपोआप वळते

हिंगाची फोडणी नाकात शिरली की तिच्यामागून अजूनही जळक्या राळेचा वास येतो. यवतमाळच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे माझे पती त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाख देत बसत; धूर बाहेर फेकणारा पंखा घरात तेवढा तिथेच होता. त्यातून जन्मली पोळपाटाएवढी एक पाटी, तांब्याच्या चार चकत्यांची. ही अँटेना जागची न हलता, केवळ विजेच्या इशाऱ्यावर आपला झोत हव्या त्या दिशेला वळवते, असे मला सांगण्यात आले. चौदा वर्षांच्या संसारात स्वतःच्या मतापासून अंशभरही न वळलेल्या गृहस्थांनी असे यंत्र घडवावे, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

पहिल्या प्रयोगाचा मान झरी जामणीतल्या नणंदेच्या गावाला मिळाला. तिथे मोबाइलची रेंज सागाच्या पानांवरून वाऱ्याबरोबर येते आणि वाऱ्याबरोबरच जाते. भाचीची नर्सिंगच्या प्रवेशासाठी अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत होती. ती हुकली तर वर्ष जाणार, आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळे सांगून येतातच.

पतींनी पाटी पत्र्यावरच्या बांबूला बांधली आणि ते आत लॅपटॉपपाशी बसले. नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी, कुणी न सांगताच वर चढले. जुन्या टीव्हीच्या काळापासूनची ती रीतच होती: एक माणूस वर, एक दारात, एक आत. दारातली जागा मला मिळाली.

"आलं का?" भाऊजी वरून ओरडले.

"आलं!" आतून भाची.

आलेले आणखी यावे म्हणून त्यांनी बांबू जरासा फिरवला.

"गेलं!"

"भाऊजी, हात लावू नका! ती आपोआप दिशा शोधते!" पती कळवळले.

"आपोआप? मंग मी इथं कायले चढलो, साळेबुवा?"

"तेच विचारतोय मी!"

"न फिरवता कोन्तं अँटिना चालते? पीएचडी केली म्हून काय झालं!"

पाटी दिशा शोधी, भाऊजी ती मोडीत, पाटी पुन्हा शोधू लागे. परीक्षक बाईंचा चेहरा पडद्यावर अर्ध्या पापणीत गोठला. ही संधी साधून पतींनी मला झोताचे गणित समजावण्यास प्रारंभ केला. भाचीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्याला भिजलेल्या पावडरीचा वास होता. ती रडत नव्हती, तेच मला सोसवेना.

"मामी, त्यायनं काय विचारलं, अर्धंच आयकू आलं."

मी अंगणात गेले. खरे सांगून उपयोग नव्हता. खरे सांगणारे विद्वान आत बसलेच होते.

"भाऊजी, दिशा अगदी अचूक सापडली तुम्हाला! आता बांबू घट्ट धरा. केसभरही हलू देऊ नका. सारं तुमच्यावर आहे."

"असं सांगा ना मंग," ते म्हणाले आणि बांबूला मिठी मारून उभे राहिले.

पत्र्याची करकर थांबली. पाटीने निवांतपणे पैनगंगेपलीकडचा तेलंगणातला टॉवर शोधून काढला. परीक्षक बाईंची पापणी मिटली, उघडली, आणि भाचीचा आवाज हळूहळू सरळ होत गेला. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. सोमवारी कागदपत्रे घेऊन बोलावले होते.

नणंदेने गूळ वाटला. यंत्राच्या यशाबद्दल दोन शब्द बोलतो म्हणत पतींनी पुष्कळ शब्द बोलून घेतले. पाने वाढली गेली, गरम भातावर वरणाची धार पडली. मी दारात हात धुवायला आले, तेव्हा पत्र्यावरून अगदी कोरड्या पडलेल्या घशाने कुणीतरी मला विचारले,

"सोडू?"