उघडं राहिलेलं फोल्डर

टायपिस्टबाईंना ओळखीतले लोक गमतीनं 'विहीर' म्हणत. गोष्ट आत पडली की बुडालीच, पुन्हा वर यायची नाही. अठ्ठावीस वर्षं त्या एका मानसोपचार डॉक्टरांची पत्रं टाइप करत होत्या. आधी दवाखान्यात बसून, आणि गुडघे बोलायला लागल्यापासून घरून. डॉक्टर रेकॉर्डिंग पाठवत, बाई कानाला हेडफोन लावून ते ऐकत आणि टाइप करत. कोणाला झोप लागत नाही, कोणाचं घरात पटत नाही, कोण कोणत्या गोळ्या घेतं, सगळं त्यांना ठाऊक असे. पण नवऱ्यालासुद्धा त्यांनी कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "हिला डॉक्टरांच्या चष्म्याचा रंग विचारा, तरी म्हणेल डॉक्टरांनाच विचारा."

याचा बाईंना अभिमान होता. थोडा जास्तच होता, हे पुढे त्या स्वतःच कबूल करत.

मुलगा परगावी नोकरीला. एकदा सुट्टीत आला आणि त्यानं मागच्या खोलीतला कॉम्प्युटर, बाईंचा लॅपटॉप आणि बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर ठेवलेला प्रिंटर, सगळं घरातल्या वायफायवर एकमेकांना जोडून दिलं. आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनही कामाचं फोल्डर उघडता येई. फोल्डरला त्यानं पासवर्ड ठेवला होता. तो मधूनमधून विचारला जाई, बाईंची बोटं चुकत, पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात त्या वैतागल्या. सेटिंगमध्ये शोधून शोधून त्यांनी ती अट काढून टाकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोराला वाटतं, आईला काही कळत नाही!"

त्याच सुमाराला भिंतीपलीकडच्या शेजारणीचं इंटरनेट बंद पडलं. बाईंनी आपल्या वायफायचा पासवर्ड तिला चिठ्ठीवर लिहून दिला. "चार दिवसांपुरतं" म्हणून दिलेलं ते आठ महिने चाललं. पुढे एखादं पान लागलं तर तीही बाईंच्याच प्रिंटरवर छापायची आणि दारातून हात घालून कागद घेऊन जायची. शेजारधर्म. त्यात वावगं असं कोणाला काही वाटलं नाही.

मग एका दुपारी डॉक्टरांनी बाईंना दवाखान्यात बोलावून घेतलं. रिसेप्शनवरची ताईही आत बसली होती. चौदा वर्षं ती तिथं होती. बोलकी, हसरी, पेशंटच्या नातवंडांचीही चौकशी करणारी.

डॉक्टर म्हणाले, "तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई आपल्या पेशंट आहेत. त्यांच्या आजाराचं तिथल्या पालकांना कळलंय. छातीत धडधड होते, गोळ्या चालू आहेत, अगदी शब्द न् शब्द. सात जणांनी मुलं काढून घेतली. ही गोष्ट आपल्या तिघांपलीकडे कोणाला माहीत नव्हती."

ताई रडकुंडीला आली. "डॉक्टर, माझ्या तोंडून नाही गेलं."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या मनात क्षणभरही स्वतःबद्दल शंका आली नाही. विहिरीतून कधी काही वर येतं का? ताई पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण फोन दिवसभर कोणाच्या कानाला असतो, ते तुम्हीही पाहता."

दुसऱ्या दिवसापासून ताईला घरी बसायला सांगण्यात आलं.

पंधरा-वीस दिवस गेले. मंगळवारी दुपारी बाई भाजी चिरत होत्या. बाहेर प्रिंटर आपोआप सुरू झाला. पाठोपाठ शेजारीण आली, मुलीच्या शाळेचा फॉर्म उचलला आणि जाता जाता कौतुकानं म्हणाली, "मावशी, तुमची शिस्त म्हणजे कमाल हं. सगळं कसं नावांप्रमाणे लावून ठेवलंय."

"काय लावून ठेवलंय?"

"तेच, कॉम्प्युटरवरचं. प्रिंटर शोधताना आमच्याकडे दिसतं ना, नेटवर्कमध्ये..." बोलता बोलता ती थांबली.

बाईंनी सुरी खाली ठेवली. "मला दाखव."

शेजारणीच्या घरात, तिच्या मुलीच्या वह्यांच्या ढिगाशेजारी, तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाईंचं फोल्डर होतं. दोनशे चौदा नावं. बाईंनी एकावर टिचकी मारली. पासवर्ड नाही, काही नाही. डॉक्टरांचं पत्र सताड उघडलं. खाली टाइप करणाऱ्याची म्हणून त्यांचीच आद्याक्षरं.

"तू वाचलंस?"

"मुद्दाम नाही हो, मावशी. पोहण्याच्या बाईंचं नाव दिसलं. आमची पिंकी तेव्हा त्यांच्याकडेच जायची, म्हणून ते एकच उघडलं."

"कोणाला सांगितलंस?"

शेजारीण साडीच्या पदराचं टोक पिळत राहिली. "दोघींनाच. कोणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं."

बाई तिच्यावर ओरडणार होत्या, पण ओरडणार कोणत्या तोंडानं? चिठ्ठीवरचं अक्षर आपलंच होतं. अट काढणारं बोट आपलंच होतं.

त्यांनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मी पासवर्ड ठेवला होता ना?"

"मी काढला."

मग तो एकेक पायरी सांगत गेला, बाई करत गेल्या. फोल्डरचं शेअरिंग बंद, प्रिंटर फक्त आपल्या दोन मशीनपुरता, वायफायचा पासवर्ड नवा. "जो आपल्या वायफायवर आला, त्याच्यासाठी ते फोल्डर म्हणजे रस्त्यावर मांडलेलं दुकान होतं," तो म्हणाला. "तरी बरं, एकच घर होतं."

अर्ध्या तासात सगळं बंद झालं. आता कोणाला कळायचं कारण नव्हतं. शेजारीण स्वतः अडकलेली, ती बोलणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झालं ते झालं. आता कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

आणि बाई दोन दिवस खरंच गप्प राहिल्या. त्या दोन दिवसांची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची. चूक नकळत झाली होती, गप्प बसणं नकळत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टरांचा आवाज लागला की त्या हेडफोन काढून ठेवत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "तिला मी घरी बसवलं, बाई. तुमच्या शब्दावर."

तिथून त्या ताईच्या घरी गेल्या. दोन जिने चढताना गुडघा तीनदा अडला. ताईनं दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही. बाईंनी सांगितलं. सांगताना मान वर करवेना, तिच्या पायांशीच बोलल्यासारखं झालं.

ताई ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतंत, असं डॉक्टर म्हणाले."

"नाही घेतलं."

"घेतलं असतंत तर बरं झालं असतं. मला उत्तर तरी देता आलं असतं." मग आतून पाण्याचा पेला आणून तिनं बाईंच्या हातात दिला. आत या मात्र म्हणाली नाही.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना डॉक्टर एकटेच सांगणार होते. बाईंनी हट्टानं सोबत जायचं ठरवलं. तलावाच्या काठी, ओल्या फरशीवर, उंच बांध्याची ती बाई टॉवेल खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "माझं सगळं तुम्हीच टाइप केलंत? मी पहिल्यांदा आले होते, तेव्हाचंही?"

"हो."

तिनं टॉवेल चेहऱ्यावर ओढला आणि तशीच उभी राहिली. पाण्यात तीन मुलं होती. पूर्वी दहा असायची. बाईंना वाटलं, हिनं आपल्याला ढकलून द्यावं त्या पाण्यात. पण तिनं काही केलं नाही. शिट्टी वाजवली आणि मुलांकडे वळली.

ताई कामावर परतली. बाईंनी राजीनामा लिहून नेला होता. तो डॉक्टरांनी घेतला नाही, पण घरून काम बंद केलं. आता त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कशालाही न जोडलेल्या मशीनवर टाइप करतात. पोहण्याच्या वर्गात पुढे चार मुलं परत आली. त्यात पिंकीही होती. तिच्या आईनं तलावावर जाऊन माफी मागितली म्हणे. बाईंकडे मात्र ती फिरकली नाही.

सगळ्या पेशंटना कळवायचं डॉक्टरांनी ठरवलं. पत्र बाईंनीच टाइप केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आपली माहिती आमच्याकडून उघडी राहिली." बाईंनी 'आमच्याकडून' खोडून 'आमच्या टायपिस्टच्या हलगर्जीपणामुळे' असं घातलं. डॉक्टरांनी वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि सही केली. अकरा पेशंट पुन्हा आले नाहीत.

ती दोनशे चौदा पत्रं घडी घालून पाकिटात भरायला दोन दुपारी लागल्या. ताई आणि बाई एकाच टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. ताईनं पहिलंच पत्र हातात घेऊन सावकाश वाचलं, ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि घडी घातली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "डिंक इकडे सरकवा."

बाईंनी सरकवला.