ऑपरेशनआधीचं तेल

८ फेब्रुवारी, रविवार. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला होता आणि मी चर्चच्या हॉलमधल्या बाकांवरचं खोबरेल पुसत होते. तिसरी-चौथीच्या मुलांना बरं करणारे दोन संस्कार शिकवायचे होते. पहिला, कन्फेशन, म्हणजे फादरना आपली पापं सांगणं, त्यांना तोंडपाठ: भावाला मारलं, आईशी खोटं बोललो, संपलं. दुसरा आजाऱ्याला तेल लावण्याचा. तो नुसता सांगून कळत नाही, म्हणून करायला लावला. एक मुलगा फादर झाला, एक आजारी. कपाळाला आणि तळहातांना तेल लागताच आजाऱ्याने जीभ बाहेर काढून मान टाकली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

“मेलास कशाला रे?”

“टीचर, फादर तेल घेऊन आले की मरतातच ना!”

बाकीच्यांचंही तेच मत. मग मी नीट सांगितलं की हे तेल आजाऱ्यासाठी आहे, फक्त मरणाऱ्यासाठी नाही. मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतं, पुन्हा आजारी पडलं तर पुन्हाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “हार्टच्या ऑपरेशनला चालतं?” चालतं म्हटलं.

बाकीची पोरं पळाली तरी ती थांबली होती. आजी न्यायला आल्या तशी ती दारातच म्हणाली, “आजी, तू पण तेल लावून घे. टीचर बोलल्या, मरत नाय.”

आजी आमच्याच गावठाणातल्या. मंगळवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. मागे एकदा तारीख मिळाली तेव्हा भीतीने ऐन वेळी नको म्हणाल्या होत्या, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्या माझ्यावरच उखडल्या.

“काय गं, पोरांना काय शिकवतेस? माझ्या नवऱ्याला सकाळी तेल लावलं, संध्याकाळी गेला.”

“तेलाने नाही गेले. तुम्ही फादरना बोलावलंच शेवटच्या दिवशी.”

जरा तोडून बोलले, पण खरं होतं. मग मी सांगितलं, माझं पित्ताशय काढलं तेव्हा मीही घेतलं होतं.

“तू?”

“मी. आता बाक पुसतेय ना तुमच्यासमोर?”

“मग भीती गेली?”

“थोडी राहिली. झोप मात्र लागली.”

आजी बाकावर टेकल्या. नातीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“घरी नको हां,” आजी म्हणाल्या. “फादर जिना चढताना दिसले की शेजारणी रोझरी घेऊन रडायला येतील. समोरची तर आजच काळी साडी इस्त्रीला टाकेल.”

“चर्चमध्येच करू. उद्या सकाळी मिस्सा झाली की. फादरना मी सांगते.”

“आणि कन्फेशन?”

“तेही करा.”

“त्याला वेळ लागेल. नुसत्या सुनेवरूनच अर्धा तास.”

“मम्मीला सांगू?” नातीने विचारलं.

“गप गं, चोंबडे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि आजींना घेऊन चर्चमध्ये गेले. कन्फेशनला खरंच वेळ लागला. फादर तेल लावत होते तेव्हा आजींनी डोळे घट्ट मिटले होते. उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, “झालं?” झालं म्हटलं. बाहेर येताच त्यांनी मुलाला फोन लावला: दुपारी ॲडमिट व्हायला जायचंय, गाडी वेळेवर आण. मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खायला घातली, घराच्या दारापर्यंत सोडलं आणि स्टेशनसाठी रिक्षा पकडली.